जखम छापता, तर ती बांधणारे हातही छापा

महाराष्ट्रातील मराठी दैनिकांच्या व वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,



अपघात, आग, दंगल, इमारत कोसळणं, बिबट्याचा हल्ला. यातल्या कुठल्याही बातमीबरोबर आपण जो फोटो छापता, त्यात जखमी माणूस बहुतेक वेळा एकटा असतो. रस्त्यावर पडलेला, नाहीतर स्ट्रेचरवर मान वळवून. चेहरा कधी धूसर केलेला, कधी तसाच. त्याला कुणी उचललं, कुणी हात दाबून धरून रक्त थांबवलं, कॅज्युअल्टीत टाके कुणी घातले, रात्रभर सलाइनकडे कुणाचं लक्ष होतं, हे फोटोत नसतं आणि बातमीतही नसतं. ‘जखमींवर उपचार सुरू आहेत’ या एका वाक्यात सगळं आटोपतं. मी कलेचा इतिहास शिकवते. माणसाने जखम कशी रंगवली, कशी कोरली, पुढे कॅमेऱ्याने कशी टिपली, हे वर्षानुवर्षं बघत आले आहे. त्या आधारावर आपल्यापुढे एक मागणी ठेवायची आहे.

सुरुवात पुण्यापासून करते. १७९२च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक कापलं गेलं आणि एक हातही तोडला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात या शस्त्रक्रियेची हकिगत छापून आली आणि सोबत कावसजीचं चित्र. मूळ चित्र शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४मध्ये काढलेलं. काढणारा जेम्स वेल्स, म्हणजे पुण्याच्या दरबारात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं रंगवणारा स्कॉटिश चित्रकार.

त्या हकिगतीतला तपशील आजही थक्क करतो. आधी मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून हव्या त्या आकाराचा करायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी तशीच ठेवायची, कारण नवी जोडणी धरेपर्यंत रक्त त्या पट्टीतूनच येणार. मग ती कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि नाकाच्या कडेने पाडलेल्या चिरेत बसवायची. वरून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, पाच-सहा, एकावर एक. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेलं कापड. पहिले पाच-सहा दिवस रोग्याने उताणंच पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून आत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापायची. कात आणि तूप. पानाच्या डब्यातला आणि शिंकाळ्यातला माल. त्यातून एका माणसाला पुन्हा चारचौघांत तोंड दाखवता आलं.

चित्रात कावसजी समोर बघतो आहे. कपाळावर व्रण आहे, खाली नवं नाक आहे. सोबतच्या छोट्या आकृत्यांत मेणाचा पत्रा आणि कातडीचा आकार दाखवला आहे. रोग्याचं नाव आपल्याला माहीत आहे. चित्रकाराचं माहीत आहे. शस्त्रक्रिया बघणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन डॉक्टरांची, क्रूसो आणि फिंडले यांची नावं माहीत आहेत. लंडनमध्ये १८१४ साली याच पद्धतीने नाक घडवणारा आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिणारा जोसेफ कार्प्यू वैद्यकाच्या इतिहासात अजरामर आहे. ज्याने ही शस्त्रक्रिया केली, त्या पुण्याजवळच्या माणसाची फक्त जात उरली. तो चित्रात नाही आणि मजकुरात त्याला नाव नाही. वेल्सने त्याला दोन हात अंतरावर बसवून एक रेखाटन केलं असतं, तर आज जगभरच्या प्लॅस्टिक सर्जरीच्या वर्गांत तो चेहरा भिंतीवर असता. ही चूक सव्वादोनशे वर्षांपूर्वीची आहे. ती आपण रोज नव्याने करतो आहोत, असं माझं म्हणणं आहे.

जखमी आणि सेवा करणारा एकाच चौकटीत असणं ही काही आजची कल्पना नाही. बर्लिनच्या संग्रहालयात सुमारे इ. स. पूर्व ५००मधला एक ग्रीक प्याला आहे. सोसियासचा प्याला म्हणून तो ओळखला जातो, कारण त्या कुंभाराने त्यावर सही केली आहे. आतल्या गोल चित्रात अकिलीस आपल्या मित्राच्या, पॅट्रोक्लसच्या दंडाला पट्टी बांधतो आहे. उपसून काढलेला बाण बाजूला तिरपा पडला आहे. पॅट्रोक्लसने मान दुसरीकडे वळवली आहे आणि वेदनेने त्याचे दात दिसताहेत. अकिलीसची नजर मात्र पट्टीवरून हलत नाही. ट्रॉयच्या युद्धातला हा सर्वांत संहारक योद्धा, आणि चित्रकाराने त्याला गाठला तो पट्टीचा वेढा नीट बसतोय का हे बघताना. होमरच्या महाकाव्यात हा प्रसंग नाही. चित्रकाराला तो दाखवावासा वाटला, म्हणून त्याने दाखवला. बातमीचा फोटो निवडताना आपल्या हातातही नेमकं हेच असतं: क्षण निवडणं.

संत सेबॅस्टियनचं उदाहरण याहून बोलकं आहे. गोव्यात आणि वसईकडे हा संत परका नाही, पणजीच्या फोन्तेन्हासमध्ये त्याच्या नावाचं चॅपेल आहे. सेबॅस्टियन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो खांबाला किंवा झाडाला बांधलेला, अंगभर बाण रुतलेला देखणा तरुण. पंधराव्या शतकापासून युरोपच्या चित्रकारांनी ते शरीर इतकं रंगवलं की पुढची गोष्ट मागे पडली. कथेत तो बाणांनी मरतच नाही. आयरीन नावाची विधवा प्रेत पुरण्यासाठी म्हणून येते, तिला धुगधुगी दिसते, ती त्याला घरी नेऊन बरं करते. सतराव्या शतकात, प्लेगच्या साथी युरोपभर थैमान घालत असताना, चित्रकारांनी ही आयरीन पुढे आणली. हेन्ड्रिक तेर ब्रुखेन या डच चित्रकाराचं १६२५चं चित्र त्यातलं मला सर्वांत मोठं वाटतं. सेबॅस्टियनचं अंग तिथे देखणं राहिलेलं नाही. मरणाच्या दारातल्या माणसाचं असतं तसं ते हिरवट, करडं पडलं आहे. आयरीन एक बाण अगदी हलक्या हाताने उपसते आहे. मागची दासी त्याच्या मनगटाची दोरी सोडवते आहे. तीन डोकी एका तिरक्या रेषेत, एकमेकांच्या अगदी जवळ. नुसत्या बाणांच्या चित्रापुढे बघणारा बघ्या राहतो. इथे त्याला काम दिसतं: दोरी कुठून सोडवायची, बाण कसा धरायचा.

जखम दाखवू नका, असं मी म्हणत नाही. माटियास ग्रूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने १५१२ ते १५१६च्या दरम्यान इझेनहाइमच्या मठासाठी रंगवलेली वेदी आज फ्रान्समध्ये कोलमारला आहे. तिच्यावरचा क्रुसावरचा येशू बघवत नाही. कातडीभर फोड, रुतलेले काटे, वाकडी झालेली बोटं. पण तो मठ ‘संत अँथनीचा अग्नी’ या रोगाच्या माणसांवर उपचार करणारा होता. राय धान्यावरच्या बुरशीमुळे होणारा हा रोग, त्यात अंगाची आग होई आणि हातपाय काळे पडून गळत. त्या रोग्यांना या चित्रापुढे आणलं जाई. ती भीषणता जखमींसाठी रंगवली होती, त्यांना आपला एक सोबती दिसावा म्हणून. आपण जो भीषण फोटो पहिल्या पानावर घेता, तो कुणासाठी घेता? त्या जखमीच्या आईने तो सकाळी दारात पडलेल्या पेपरात बघावा, अशी आपली इच्छा खचितच नसते.

कॅमेरा आला तेव्हाही हा प्रश्न डॉक्टरांपुढे होताच. अमेरिकेच्या यादवी युद्धात वॉशिंग्टनच्या हेअरवुड रुग्णालयात रीड बॉन्टेकू या सर्जनने जखमी सैनिकांचे फोटो काढले. कितीतरी फोटोंत सैनिकाच्या हातात त्याचं नाव लिहिलेली पाटी आहे. काहींवर बॉन्टेकूने लाल रेघेने गोळीचा मार्ग दाखवला. हे फोटो नव्या सर्जनना शिकवायला वापरले गेले आणि सैनिकांचे पेन्शनचे दावे पडताळायलाही. जखमीला त्या फोटोतून काही मिळत होतं. पहिल्या महायुद्धात हेन्री टॉन्क्सने इंग्लंडमध्ये ऑल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात चेहरा उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांची पेस्टल चित्रं काढली. टॉन्क्स स्वतः आधी सर्जन होता, मग चित्रकार आणि चित्रकलेचा शिक्षक झाला. हॅरॉल्ड गिलीज तिथे चेहरे पुन्हा उभे करत होता आणि त्यासाठी कपाळाच्या कातडीची ती पुण्याची युक्तीही त्याच्या हाताशी होती. टॉन्क्सच्या चित्रांत शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा चेहरा आहे. बघताना आपली नजर आधी जखमेवर जाते आणि मग डोळ्यांवर थांबते, कारण टॉन्क्सने डोळे रोग्याचे नव्हे तर त्या माणसाचे रंगवले आहेत. ही चित्रं सार्वजनिक प्रदर्शनासाठी नाहीत, असं त्याचं स्वतःचं मत होतं. इतकी समर्थ चित्रं काढणारा माणूस ती कुणापुढे ठेवायची याचा विचार करत होता.

आपल्या व्यवसायातलं सर्वांत जवळचं उदाहरण यूजीन स्मिथचं. २० सप्टेंबर १९४८च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याने कोलोरॅडोतल्या क्रेमलिंग गावच्या डॉ. अर्नेस्ट सेरियानीवर फोटोंची मालिका केली. त्यासाठी तो २३ दिवस त्या डॉक्टरबरोबर होता. घोड्याची लाथ डोक्यावर बसलेली एक चिमुरडी, तिच्या कपाळाला टाके घालणारा डॉक्टर, आणि तिचा डोळा वाचणार नाही हे आईबापांना कसं सांगावं या विचाराने ग्रासलेला त्याचा चेहरा. रात्री दोनपर्यंत चाललेल्या शस्त्रक्रियेनंतर स्वयंपाकघरात कॉफीचा कप धरून टेकलेला तोच डॉक्टर. डिसेंबर १९५१मध्ये स्मिथने साउथ कॅरोलायनातल्या मॉड कॅलन या कृष्णवर्णीय परिचारिका-सुईणीवर अशीच मालिका केली. वाचकांनी आपणहून पैसे पाठवले आणि त्यातून तिच्यासाठी दवाखाना उभा राहिला. संपादकांनो, वाचकाला फक्त रक्त बघायचं असतं, असं कुणी आपल्याला सांगितलं तर हा दवाखाना त्याला दाखवा.

त्याच स्मिथचा १९७१चा जपानमधला फोटो आपण सर्वांनी पाहिलेला असेल. मिनामाताच्या खाडीत कारखान्याने सोडलेल्या पाऱ्यामुळे आईच्या पोटातच विषबाधा झालेली तोमोको आणि तिला न्हाणीत मांडीवर घेऊन बसलेली तिची आई. जगाला मिनामाता कळलं त्यात या एका फोटोचा वाटा फार मोठा होता. तोमोको १९७७मध्ये वारली. पुढे तिच्या आईवडिलांना वाटू लागलं की आता लेकीला विसावा मिळावा. स्मिथची पत्नी आयलीन हिच्याकडे फोटोचे हक्क होते. १९९८मध्ये तिने यापुढे तो फोटो छापायला देणार नाही असा निर्णय घेतला. पुढे २०२०च्या चित्रपटाबरोबर तो पुन्हा लोकांसमोर आला आणि वाद झाला. पण १९९८चा तो निर्णय मला विसाव्या शतकातल्या छायाचित्रणातलं एक मोठं पाऊल वाटतो. काढण्याची परवानगी एकदा मिळाली म्हणून ती कायमची मिळत नाही. आपल्या संग्रहात जर्मन बेकरीचे, लोकल बॉम्बस्फोटांचे, किल्लारीच्या भूकंपाचे जे जखमी चेहरे आहेत आणि दर स्मृतिदिनी पुन्हा बाहेर येतात, त्यातल्या किती जणांना कुणी विचारलं आहे?

आता मुंबई. २६ नोव्हेंबर २००८चा कुठला फोटो आपल्याला आठवतो? सीएसटीवरचा, हातात बंदूक घेतलेला कसाब. सेबॅस्टियन डिसूझा यांनी जीव धोक्यात घालून तो काढला आणि न्यायालयात तो पुरावा ठरला. त्याचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्याच रात्री कामा रुग्णालयात अंजली कुलथे या परिचारिकेने २० गरोदर बायकांना एका छोट्याशा पॅन्ट्रीत नेऊन लपवलं. दहशतवादी इमारतीत असताना त्या बायकांतल्या एकीला बाळंतपणासाठी न्यावं लागलं, तेव्हा कुलथे स्वतः तिच्यासोबत गेल्या. पुढे कसाबला ओळखण्यासाठी त्या साक्षीला उभ्या राहिल्या आणि डिसेंबर २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या. शाळेतल्या मुलांना विचारा. कसाबचा चेहरा त्यांना ओळखता येतो. कुलथे सिस्टरांचा येत नाही. त्या रात्री तिथे कॅमेरा नव्हता हे खरं, पण पुढच्या इतक्या वर्षांत आपल्याकडे वेळ होता.

चित्र काय करू शकतं हे आपण एकदा अनुभवलं आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये युद्धातल्या जखमींची सेवा करता करता डिसेंबर १९४२मध्ये गेले. १९४६मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट केला, स्वतः कोटणीसांची भूमिका केली, आणि हे नाव घराघरात पोचलं. त्याच भारतीय पथकातून चीनला गेलेल्या इतर डॉक्टरांची नावं आज किती मराठी वाचकांना सांगता येतील?

यावर आपण म्हणाल, सेवेचे फोटो म्हणजे रुग्णालयाची जाहिरात. हा आक्षेप खरा आहे आणि इतिहासात त्याला आधारही आहे. १८५५मध्ये रॉजर फेंटनने क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकाला आधार देणाऱ्या बाईचा फोटो काढला. तो ठरवून, पोझ देऊन काढलेला होता. त्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने कितीतरी जास्त सैनिक मेले आणि ते त्या फोटोत नाही. आपल्याकडे याचा अवतार म्हणजे फळवाटपाचा फोटो. खाटेवरच्या माणसाच्या हातात सफरचंद, भोवती सहा-सात कार्यकर्ते, सगळे कॅमेऱ्याकडे बघणारे. असला फोटो छापणं हा त्या रुग्णाचा अपमान आहे. माझी मागणी त्याच्या उलट आहे. सेवा होत असेल तर ती करणाऱ्याचं काम दाखवा. होत नसेल तर तेही दाखवा: एका खाटेवरचे दोन रुग्ण, जमिनीवर अंथरलेली गादी, नातेवाइकाने स्वतः हातात धरून उभी ठेवलेली सलाइनची बाटली. तो धरणारा हातही सेवाच करतो आहे आणि व्यवस्थेबद्दल तो हजार शब्दांपेक्षा जास्त सांगतो.

म्हणून विनंती करते. आपल्या फोटोग्राफरला अपघाताच्या दिवशी पाठवता, तसं आठवड्याने पुन्हा पाठवा. ड्रेसिंग होत असताना, फिजिओथेरपीत पहिलं पाऊल टाकताना, जखमीच्या आणि रुग्णालयाच्या परवानगीने. फोटोखालच्या ओळीत मंत्र्यांचं नाव येतं, तशी सिस्टरांची, ब्रदरची, वॉर्डबॉयची, १०८च्या गाडीवरच्या डॉक्टरची आणि चालकाची नावं येऊ द्या. रस्त्यावरून जखमीला उचलून नेणाऱ्या माणसाचं नाव छापण्याआधी मात्र त्याला विचारा. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे आणि नाव सांगायचं की नाही हे त्याखालच्या नियमांनी त्याच्या मर्जीवर ठेवलं आहे. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या गर्दीपेक्षा त्याचे हात दाखवणं पुरेसं असतं. जखमीने किंवा त्याच्या घरच्यांनी ‘आता हा फोटो वापरू नका’ असं सांगितलं, तर तो संग्रहातून काढून ठेवण्याची रीत आपल्या कार्यालयात लेखी असू द्या. आणि चेहरा धूसर करून रक्त दिवसभर फिरवण्याची पद्धत बंद करा. त्याने कुणाचीही लाज राखली जात नाही.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. पुढच्या अपघाताची बातमी आपल्या टेबलावर येईल, तेव्हा फोटो निवडणाऱ्या सहकाऱ्याला एवढंच विचारा: या माणसाला कुणी उचललं, आणि त्याचा फोटो आपल्याकडे आहे का?

आपली नम्र,
कलेच्या इतिहासाची एक शिक्षिका